बोलक्या जनावरांची चित्रकथा

जनावरांच्या तोंडीं माणसाची भाषा घालण्याची हौस आपल्या देशांत फार जुनी आहे, आणि मराठवाड्याला तर ती कोणीं नव्यानें शिकवावयास नको. तेराव्या शतकांतील लीळाचरित्रांत कावळा-चिमणीच्या घरांची गोष्ट आढळते. पंचतंत्रांतील करटक आणि दमनक हे दोन कोल्हे देशोदेशींचा प्रवास करीत आठव्या शतकांत अरबी भाषेंत पोहोंचले, व तेथें कलीला आणि दिमना या नांवांनीं नांदूं लागले. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत तर, आपल्या देहाचा पूल करून कळपाला पलीकडे उतरवून देणारा वानरराजा अजूनहि भिंतीवर पाहावयास मिळतो. त्या वानरराजाचें मन मनुष्याचें, किंबहुना मनुष्याहूनहि थोर आहे. परंतु देह मात्र वानराचाच आहे. ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे, कारण या विषयांतला खरा प्रश्न तिच्यांतच दडलेला आहे.

आज हीच हौस इंटरनेटवर प्रगट होत आहे. वर्तमानपत्रांतील तीन-चार चौकटींची हास्यचित्रमाला ज्यांच्या घरीं आवडीनें पाहिली जाते, त्यांना वेबकॉमिक म्हणजे काय हें सांगावयास फार वेळ लागणार नाहीं. तीच चित्रमाला, फक्त छापखान्याऐवजीं इंटरनेटवर हप्त्याहप्त्यानें प्रसिद्ध होणारी. फरक दिसावयास लहान, पण परिणामानें मोठा आहे. छापखाना म्हटला कीं संपादक आला, कागदाचा खर्च आला, आणि ‘हें खपेल काय?’ हा प्रश्न आला. वेबकॉमिकच्या वाटेवर यांपैकीं कोणीच उभा नसतो. परभणी, सेलू, जिंतूर किंवा गंगाखेड येथें दिवसभर दुकान, शाळा अथवा कचेरी संभाळून, रात्रीं जेवणें उरकल्यावर चित्रें काढीत बसणाऱ्या माणसाला आपली कथा त्याच रात्रीं पुण्यामुंबईच्याच काय, पण सातासमुद्रांपलीकडच्या मराठी वाचकापुढेंहि ठेवतां येते. अर्थात् दारावर कोणी नसल्यामुळें आंत काय येतें याचीहि चौकशी होत नाहीं, आणि म्हणूनच या कामांतली शिस्त चित्रकाराला स्वतःच स्वतःला लावून घ्यावी लागते.

हा प्रकार अगदींच अपूर्व आहे असें मात्र नाहीं. बीट्रिक्स पॉटर या इंग्रज बाईंनीं १८९३ सालीं एका आजारी मुलाला लिहिलेल्या पत्रांत सशाच्या चार पिलांची गोष्ट चित्रांसह सांगितली. पुढें तिचें पुस्तक करावें असें मनांत आलें तेव्हां प्रकाशकांनीं तें नाकारलें. शेवटीं १९०१ च्या डिसेंबरांत बाईंनीं स्वतःच्या खर्चानें अडीचशें प्रती छापून घेतल्या. दुसऱ्याच वर्षीं फ्रेडरिक वॉर्न कंपनीनें तेंच पुस्तक रंगीत चित्रांसह काढलें आणि निळ्या जाकिटांतला तो पीटर ससा जगभर गेला. आजचा वेबकॉमिकवाला जें फुकट करतो, तें पॉटरबाईंनीं पदरचे पैसे खर्चून केलें होतें, इतकाच काय तो भेद. इंटरनेटवर प्राण्यांच्या चित्रकथा निघूं लागल्यालाहि आतां एक पिढी लोटली आहे. अमेरिकन व्यंगचित्रकार बिल हॉलब्रुक यांनीं ‘केव्हिन अँड केल’ ही मालिका १९९५ च्या सप्टेंबरांत इंटरनेटवर सुरू केली. तींत नवरा ससा आहे आणि बायको लांडगी. या विजोड संसाराकडे पुढें पुन्हां वळावें लागणार आहे.

हौशी माणसाची पहिली अडचण बहुधा चित्राची नसते. ती घरच्या माणसांची असते. चित्रशाळेंत पाऊल न टाकतां चित्रकला कशी येणार, हा प्रश्न मध्यम स्थितीच्या घरांत हमखास निघतो, आणि तो अगदींच गैर म्हणतां येत नाहीं. चित्रशाळेंत गुरु असतो, नमुना समोर बसविलेला असतो, बरोबरीच्यांच्या वह्या पाहावयास मिळतात. घरीं बसून शिकणाराला यांतलें कांहींच मिळत नाहीं. तथापि मुंबईच्या ज्या सर जे. जे. कलाशाळेनें आर. के. लक्ष्मण यांना प्रवेश नाकारला, त्याच मुंबईंत बसून लक्ष्मण अर्धशतकाच्या वर देशाला हंसवीत राहिले. आणि राजकारणी पुरुषांइतक्याच आवडीनें ते कावळे काढीत, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

आजच्या काळांतलें उदाहरण हवें असेल तर नागपूरकडे पाहावें. रोहन चक्रवर्ती हे नागपूरचे, शिक्षणानें दंतवैद्य. चित्रकलेचें रीतसर शिक्षण त्यांनीं घेतलेलें नाहीं. नागझिऱ्याच्या जंगलांत पाण्यांत डुंबणारी एक वाघीण त्यांच्या दृष्टीस पडली आणि मन वन्य प्राण्यांकडे ओढलें गेलें. दांतांचा व्यवसाय सोडून त्यांनीं कांहीं काळ बंगलोरास ॲनिमेशनच्या चित्रांचें काम केलें, आणि २०१० सालीं ‘ग्रीन ह्यूमर’ ही प्राण्यांची चित्रमालिका सुरू केली. पुढें अमेरिकेंतल्या ‘गोकॉमिक्स’मार्फत ती देशोदेशीं जाऊं लागली. पक्ष्यांच्या दिनचर्येवरचें त्यांचें ‘बर्ड बिझनेस’ हें पुस्तक २०१९ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें काढलें. ‘नॅचरलिस्ट रडी’ हें २०२१ सालचें. त्याचा नायक एक मुंगूस असून तो निसर्गांतल्या कोड्यांचा छडा लावीत हिंडतो.

या चित्रकाराच्या कामांत हौशी माणसानें न्याहाळावी अशी एक गोष्ट आहे. त्यांच्या चित्रांतली गंमत प्राण्याला माणसाचे कपडे चढविल्यानें आलेली नसते. त्या त्या प्राण्याची जी खरी खोड असते, तिच्यांतून ती निघते. कमळपक्ष्यांत मादी अंडीं घालून निघून जाते आणि तीं उबवून पिलें वाढविण्याचें काम नराकडे असतें. एवढी एक गोष्ट ठाऊक असली कीं घरगुती विनोदाचा अर्धा मसाला आयता तयार झाला. कोकिळा कावळ्याच्या घरट्यांत अंडीं घालते. त्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या किती गोष्टी रचतां येतील! ज्याला हें ठाऊक नाहीं त्याला मात्र कोकिळेच्या अंगावर लुगडें आणि कावळ्याच्या डोळ्यांवर चष्मा घालून काम भागवावें लागतें, आणि तो विनोद तिसऱ्या हप्त्यालाच शिळा होतो. चित्रशाळेची उणीव भरून निघते ती अशी. गुरु नसला तरी नमुना सगळीकडे आहे.

आतां तो मूळचा प्रश्न. जनावराला माणूस करावयाचें म्हणजे कितपत करावयाचें? एका टोंकाला अजिंठ्याचा वानर आहे: शरीर जनावराचें, अंतःकरण माणसाचें. दुसऱ्या टोंकाला नुसते कान आणि शेपूट लावलेला माणूस असतो. तो हरिण आहे कीं बोकड हें खालीं नांव लिहिल्यावांचून कळत नाहीं. या दोहोंच्या मध्यें, जनावराचें तोंड असलेला पण दोन पायांवर चालणारा, सदरा घालणारा आणि सायकलवर बसणारा असा प्राणी असतो, व बहुतेक चित्रकथा याच मधल्या प्रदेशांत घडतात. यांतला एकच प्रकार बरोबर असें नाहीं. परंतु एकदां ठरविलें तें सोडतां येत नाहीं, आणि जो जितका माणूस अधिक करील त्याला त्या जनावराचें जनावरपण राखावयास तितके अधिक श्रम पडतात. जनावर बोलूं लागलें कीं वाचकाला तें आपोआपच माणूस वाटूं लागतें. त्याला जनावर ठेवणें हेंच कठीण काम होय.

हौशी चित्रकार नेमका येथें फसतो. तो आधीं माणूस काढतो आणि मग त्याच्या धडावर बोकडाचें तोंड बसवितो. तें चित्र सोंगासारखें दिसतें, कारण सोंगाची रीत तीच आहे. उलट वाटेनें गेलें पाहिजे. आधीं जनावर ओळखावें आणि मग त्याला हळूहळू उभें करावें. त्यासाठीं त्याच्या पायांची घडण समजून घ्यावी लागते. बैलाच्या किंवा कुत्र्याच्या मागच्या पायाला जो उलटा वळलेला गुडघा दिसतो, तो गुडघा नव्हेच. ती टाच होय. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला, कातडीखालीं झांकलेला असतो. माणूस आणि अस्वल सबंध तळवा टेंकून चालतात. कुत्रा आणि मांजर बोटांवर चालतात. गाय, हरिण, घोडा हे तर नखांवर, म्हणजे खुरांवर चालतात. एवढें एकदां कळलें कीं वहींतले निम्मे पाय सुधारतात. काळविटाला दोन पायांवर उभा करावयाचा झाला, तर त्याची टाच जमिनीला टेंकवावयाची कीं त्याला खुरांवरच तोलावयाचा, याचा निर्णय पहिल्या चौकटीच्या आधीं झाला पाहिजे. टाच टेंकली तर त्याला पायजमा शोभतो, पण हरणाची चाल जाते. खुरांवर ठेवला तर चालींत ती लवचीक उसळी राहते, आणि पायजमा मात्र विचित्र दिसूं लागतो. दोन्ही साधण्याची युक्ति अजून कोणाला सांपडलेली दिसत नाहीं.

नमुने शोधण्यासाठीं परभणी जिल्ह्यांतल्या माणसाला कोठें लांब जावयास नको. आठवड्याच्या बाजारीं गुरें उभीं असतात. त्यांत तांबड्या रंगाची लाल कंधारी ही याच भागांतली जात. वानर देवळाच्या शिखरावर बसलेलें असतें, टिटवी माळावर ओरडत असते, आणि पेरणी झालेल्या रानांत काळविटांचे कळप दिसतात. पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाच्या पाण्यावर पक्षी उतरतात. शिकाऊ हातासाठीं मात्र शेळी सर्वांत चांगली, कारण रवंथ करीत ती बराच वेळ एका जागीं बसून राहते आणि कोणी आपल्याकडे पाहात आहे याची तिला फिकीर नसते. एका पानावर अशीं दहा-बारा झटपट चित्रें काढावीं. प्रत्येकाला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ देऊं नये. खोडरबर घरीं ठेवावें. अर्ध्या मिनिटांत केस आणि खुरांच्या भेगा काढावयास सवड मिळत नाहीं, त्यामुळें पाठीची रेघ, मानेचा कल आणि वजन कोणत्या पायावर आहे, एवढेंच कागदावर उतरतें. आणि चित्रकथेला तेंच लागतें. फोटोवरून काढलेल्या चित्रांत केस सगळे असतात, पण हें वजन बहुधा हरवलेलें असतें.

चेहऱ्याची गोष्ट निराळी आहे. माणसाच्या मुखावर भाव दाखवावयाला भिंवया पुरतात. जनावराला त्या नाहींत, परंतु त्याबदल्यांत कान आहेत, आणि कान भिंवयांपेक्षां अधिक बोलतात. सशाचे दोन्ही कान उभे म्हणजे सावधपणा, एक पडलेला म्हणजे कंटाळा, दोन्ही पाठीवर चिकटलेले म्हणजे भय. तोंडाची रेघ न बदलतां तिन्ही भाव दाखवितां येतात. डोळ्यांच्या बाबतींत मात्र चित्रकाराला थोडी लबाडी करावी लागते. हरिण, ससा, शेळी यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, कारण त्यांना चोहोंकडून येणारा शत्रु पाहावयाचा असतो; वाघ, मांजर, घुबड यांचे समोर असतात. सशानें वाचकाकडे पाहून बोलावें असें वाटलें तर त्याचे डोळे पुढें आणावे लागतात, आणि ते फार पुढें आणले तर सशाचें भित्रेपण नाहींसें होतें. पक्ष्यांना हात नसतात ही आणखी एक पंचाईत. कोणी पंखांच्या टोंकांच्या पिसांचीं बोटें करतात, कोणी सगळीं कामें चोंचीनेंच करवितात. चोंचीनें चहाचा पेला उचलणारा कावळा अधिक मजेदार दिसतो, पण तो बोलत असतांना चहा पिऊं शकत नाहीं, हें लिहिणाराला ध्यानांत ठेवावें लागतें. स्कॉट मॅक्लाउड यांनीं १९९३ सालीं चित्रकथेच्या कलेवर जें पुस्तक लिहिलें, तें स्वतःच चित्रकथेच्या रूपानें लिहिलें. त्यांत त्यांनीं असें दाखविलें आहे कीं, चेहरा जितका साधा तितका वाचक त्यांत स्वतःला पाहूं शकतो. प्राण्यांच्या चित्रकथा सर्व देशांत चालतात याचें एक कारण हेंच असावें.

चेहरा आणि पाय ठरले तरी जग अजून ठरलेलें नसतें. जेथें शेळी शाळेंत शिकविते तेथें लांडगा काय खातो? हा प्रश्न लहान मूल पहिल्याच दिवशीं विचारतें, आणि त्याला उत्तर नसलेली कथा फार काळ टिकत नाहीं. कित्येक चित्रकार लांडग्याला भाजीभाकरी खावयास घालून सुटका करून घेतात. ‘केव्हिन अँड केल’चा कर्ता तसें करीत नाहीं. तेथें मांसाहारी प्राणी शाकाहारी प्राण्यांची शिकार करतात, ती त्यांची नोकरीहि असते, आणि तरीहि सशाचा आणि लांडगीचा संसार चालतो. संकट टाळण्याऐवजीं तेंच कथेचें बीज केल्यामुळें त्या मालिकेला इतकीं वर्षें खाद्य पुरलें.

परभणीसारख्या शेतीच्या जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ कल्पनेचा राहात नाहीं. काळी माती, आणि तींत कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी. १९७२ पासून कृषि विद्यापीठहि येथेंच आहे. येथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें रानडुक्कर ही गमतीची वस्तु नव्हे. एका रात्रींत तें उभ्या पिकाचा तुकडा आडवा करून जातें. हरणें कोवळे शेंडे खातात. काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे. त्याला मारणें हा गुन्हा आहे, आणि झालेल्या नुकसानीची भरपाई मिळावयाची तर अर्ज, पाहणी, पंचनामा हें सगळें आलें. अशा ठिकाणीं बोलकें, गुबगुबीत, विनोदी रानडुक्कर काढलें तर पुण्याच्या वाचकाला तें गोड वाटेल. परंतु त्याच गल्लींत राहणाऱ्या आणि रात्रभर जागल करून आलेल्या माणसाला तें आपली थट्टा केल्यासारखें वाटेल. उलट डुकराला दुष्ट राक्षस केलें तर शेजारी खूष होईल आणि चित्र खोटें पडेल, कारण डुकराच्या मनांत वैर नाहीं. त्याला भूक आहे. बोलण्याची देणगी ज्याला दिली त्याचीच बाजू वाचकाला खरी वाटते. चित्रकाराच्या हातीं असलेली ही सत्ता मोठी आहे, आणि ती हौसेखातर वापरली म्हणून लहान होत नाहीं.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. समजा, चार चौकटी आहेत. पहिलींत रात्र आहे. माळ्यावर शेतकरी कंदील घेऊन बसला आहे. दुसरींत बांधापलीकडे रानडुक्कर आपल्या पिलांना सांगत आहे, “आज जागा हाय गड्या. उद्यां येऊं.” तिसरींत शेतकरी घरीं मोबाईलवर सांगत आहे, “आज आलं न्हाई. उद्यां येईल.” चौथींत पहांट झाली आहे, आणि दोघेहि एकाच वेळीं जांभई देत आहेत. येथें कोणीं कोणाला हंसलें नाहीं. परंतु चौथ्या चौकटीच्या एका कोपऱ्यांत काल-परवां तुडविलेलीं ताटेंहि दिसलीं पाहिजेत. तीं वगळलीं तर विनोद हलका आणि गोड होतो, पण तो शेत न पाहिलेल्या माणसाचा विनोद होतो. अशा एका कोपऱ्यावरून चित्रकार कोठें राहतो हें कळतें.

मुखवट्याचा दुसरा धोका अधिक खोल आहे. माणसांच्या समाजांना जनावरें वांटून देण्याचा मोह कथाकाराला फार लवकर होतो: हे सिंह, ते कोल्हे, ते आणखी कोणी. जातिपातींनीं आधींच पोखरलेल्या समाजांत असली वांटणी म्हणजे चित्रानें दिलेली शिवीच होय, मग हेतु कितीहि निर्मळ असो. आर्ट स्पीगेलमन यांच्या ‘माउस’ या चित्रकथेंत ज्यू लोक उंदीर आणि नाझी हे बोके म्हणून दाखविले आहेत. तिला १९९२ सालीं पुलित्झर पारितोषिकाचा मान मिळाला. परंतु त्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागांत लेखकानें स्वतःचें चित्र काढलें आहे तें दोरीनें बांधलेला उंदराचा मुखवटा घातलेल्या माणसाचें. हें मुखवटे खरे नव्हेत, तीं माणसेंच आहेत, असें वाचकाला डोळ्यांनीं दिसावें म्हणून केलेली ती योजना आहे. इतका मोठा कलावंत जेथें इतका जपून चालतो, तेथें नवशिक्यानें प्राण्याला जात न देतां स्वभाव द्यावा हें बरें.

प्रत्यक्ष कामाविषयीं फारसें सांगावयास नको. हातानें केल्यावांचून तें कळतहि नाहीं. तरी मराठींत लिहिणाराला एक सूचना अवश्य द्यावीशी वाटते: चौकटींत अक्षरें आधीं बसवावीं, चित्र मागून काढावें. इंग्रजी पुस्तकांतून शिकलेले लोक चित्र पुरें करून उरलेल्या जागेंत बोलण्याचा फुगा कोंबतात. इंग्रजी अक्षरें एका उंचीचीं काढलीं तर तें कसेंबसें निभतें. देवनागरीला मात्र वर मात्रा, वेलांटी आणि रफार, खालीं उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. दोन ओळींत पुरेसें अंतर न ठेवलें तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेंत अडकतो. म्हणून मराठी फुगा मोठा लागतो आणि मराठी संवाद आंखूड लागतो. त्यांतहि भाषा कोणती हा प्रश्न उरतोच. जिंतूरच्या माळावरचें हरिण पुण्याच्या सदाशिव पेठेंतली भाषा बोलूं लागलें तर तें हरिण राहात नाहीं, पाहुणा होतें. ‘कामून’ म्हणणाऱ्या मुलखांत त्यानें ‘कामून’च म्हणावें. मात्र प्रत्येक प्राणी एकाच थाटांत बोलूं लागला तर तीहि कृत्रिमता होते. म्हातारी शेळी आणि कॉलेजांत जाणारें मुंगूस यांच्या बोलींत एक पिढी तरी दिसली पाहिजे.

साधनें आतां महाग राहिलेलीं नाहींत. कागदावर शाईनें काढून मोबाईलनें टिपलेलें चित्रहि चालतें. संगणकावर काढणारांसाठीं ‘क्रिटा’ नांवाची प्रणाली विनामूल्य मिळते. तिच्यांत एकावर एक पारदर्शक कागद ठेवावे तसे थर करतां येतात. खालच्या थरावर कच्ची रेघ, वरच्यावर पक्की, त्याच्या वर अक्षरें, आणि एक बिघडला तरी दुसरा शाबूत राहतो. मोबाईलवर वाचणारासाठीं चौकटी आडव्या न मांडतां एकाखालीं एक उभ्या मांडण्याची पद्धत दक्षिण कोरियांत रूढ झाली, आणि २००४ सालीं नेव्हर कंपनीनें सुरू केलेल्या वेबटून या योजनेनें ती जगभर गेली. या पद्धतींत दोन चौकटींमधील मोकळी जागा म्हणजे वेळ असतो. अंगठ्यानें पान सरकवावयास जितका वेळ लागतो तितका वेळ हरिण विचार करतें. छापील पानावर ही सोय नाहीं. उलट छापील पानाची म्हणून एक मागणी आहे. पडद्यावर आठशें बिंदू रुंदीचें चित्र पुरतें. छापखान्याला इंचाला तीनशें बिंदू लागतात, म्हणजे तेंच चित्र कागदावर पावणेतीन इंचांहूनहि अरुंद उतरतें. म्हणून पुढेंमागें पुस्तक करण्याची इच्छा असेल त्यानें पहिल्या दिवसापासून चित्र मोठें काढावें आणि प्रसिद्धीसाठीं त्याची लहान प्रत करावी. पन्नास हप्ते काढून झाल्यावर हें ध्यानांत आलें तर पन्नासहि पुन्हां काढावे लागतात.

नियमितपणा मात्र कोणत्याहि प्रणालींत विकत मिळत नाहीं. आठवड्याला चार चौकटी म्हटल्या तरी वर्षाला दोनशें आठ होतात. नोकरी, आजार, पाहुणे, परीक्षा, पेरणी हें सारें त्या वर्षांतच येतें. शहाणा माणूस पांच-सहा हप्ते तयार करून ठेवतो आणि मगच पहिला प्रसिद्ध करतो. सुरुवातीचे महिने बहुधा शांततेंत जातात. वाचक येतात, पण बोलत नाहींत. ज्यांच्या घरांत असा एखादा हौशी आहे त्यांनीं ‘किती लोकांनीं पाहिलें?’ याऐवजीं ‘या हप्त्यांत डुकराचें काय झालें?’ असें विचारलें तर त्याचा पुढचा हप्ता वेळेवर निघण्याचा संभव बराच वाढतो.

हक्कांविषयीं दोन शब्द. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणें चित्र निर्माण झालें कीं त्याचा हक्क चित्रकाराकडे आपोआप येतो. त्यासाठीं नोंदणी सक्तीची नाहीं, आणि तो हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें टिकतो. इंटरनेटवर चित्रें उचलून दुसऱ्याच्या नांवावर फिरतात हेंहि तितकेंच खरें. म्हणून प्रत्येक हप्त्यावर, सहज कापून टाकतां येणार नाहीं अशा ठिकाणीं, नांव आणि साल घालावें. कच्च्या वह्या फेकूं नयेत. शेळीचीं तीं अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचीं चित्रें तारखेसह जपून ठेवलेलीं असलीं, तर पात्र मूळचें कोणाचें या वादांत त्यांच्याइतका चांगला साक्षीदार दुसरा मिळणार नाहीं.